सोयाबीन उत्पादक कंपनीने भांडवल कशात घालावे: ब्रॉयलर शेड, पशुखाद्य की 'पर्यायी प्रथिने'?

औसेकर_शेती यांचा प्रश्न:

नमस्कार. आमची शेतकरी उत्पादक कंपनी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात आहे. सभासद सहाशेच्या घरात असून हंगामात साधारण सहा हजार क्विंटल सोयाबीन कंपनीच्या काट्यावर येते. गोदाम, काटा आणि चाळणी-प्रतवारीचे यंत्र यांपलीकडे आमच्याकडे काही नाही. माल चाळायचा, ओलावा मोजायचा, डागी दाणा वेगळा काढायचा आणि तेलगिरणीकडे गाडी भरून पाठवायची, एवढाच आमचा धंदा आहे. २०२५ च्या खरिपात हमीभाव ५,३२८ रुपये असताना हंगामाच्या सुरुवातीला मोंढ्यातील सौदे चार हजारांच्या आसपास होत होते, आणि हमीभाव केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून सोयाबीनमधील प्रथिनाचे मूल्य काही प्रमाणात तरी तालुक्यातच कसे राहील, याचा विचार संचालक मंडळाने सुरू केला आहे.

सध्या तीन प्रस्ताव समोर आहेत. पहिला, एका इंटिग्रेटरबरोबर, म्हणजे पिल्ले व खाद्य देऊन शेतकऱ्याकडून पक्षी वाढवून घेणाऱ्या कंपनीबरोबर, करार करून चोवीस हजार पक्ष्यांची पर्यावरण नियंत्रित ब्रॉयलर शेड उभारणे. दुसरा, लहान क्षमतेचा पशुखाद्य किंवा सोया प्रक्रिया प्रकल्प. तिसरा प्रस्ताव एका सल्लागाराने आणला असून त्यात सोया प्रथिनाचे पृथक्करण करणारा, म्हणजे 'आयसोलेट' तयार करणारा प्रकल्प आणि त्यापासून वनस्पतिजन्य मांस बनवणाऱ्या कंपन्यांना पुरवठा, असे चित्र रंगवले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बायोई३ या जैवतंत्रज्ञानविषयक धोरणात 'स्मार्ट प्रोटीन', म्हणजेच पर्यायी प्रथिने, हा विषय आहे, विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी अशा एका कंपनीत गुंतवणूक केली आहे, आमच्याच जिल्ह्यातील देशमुख घराण्यातील रितेश आणि जिनिलिया यांनी २०२१ मध्ये 'इमॅजिन मीट्स' हा ब्रँड बाजारात आणला, हे सर्व दाखले त्या अहवालात आहेत. ते खरेही आहेत, परंतु त्यांवरून आमच्या सोयाबीनला गिऱ्हाईक मिळेल असे कसे समजावे, हे मला उमगत नाही.

मंडळात माळकरी मंडळीही आहेत आणि कोंबडीच्या धंद्याला कंपनीचे नाव लावावे की नाही यावर बराच वेळ खर्ची पडला आहे. तो प्रश्न आमचा आम्ही सोडवू. येथे मला तांत्रिक आणि आर्थिक बाजू समजून घ्यायची आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

धान्यप्रक्रिया_पुणे यांचा प्रतिसाद:

औसेकर साहेब, मी अन्नतंत्रज्ञ असून अनेक वर्षे सोया आणि कडधान्यांच्या एक्स्ट्रूजनवर, म्हणजे दाब आणि उष्णता देऊन माल साच्यातून काढण्याच्या पद्धतीवर, काम करते. तिसऱ्या प्रस्तावापासून सुरुवात करते, कारण त्यात सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत कमी माहिती दिसते.

सोयाबीनमध्ये साधारण ३८ ते ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. मोठ्या गिरणीत हेक्झेन या द्रावकाने तेल काढल्यावर जी पेंड उरते, जिला आपण डीओसी म्हणतो, तिच्यात ४६ ते ४८ टक्के प्रथिने असतात. ही पेंड कोंबडीखाद्यासाठी वाफेवर चांगली भाजली जाते, कारण कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक पचनात अडथळा आणतो आणि तो उष्णतेने निष्प्रभ करावा लागतो. मात्र याच भाजण्यामुळे प्रथिनाची पाण्यात विरघळण्याची क्षमता बरीचशी संपते, आणि आयसोलेट काढायचे असेल तर नेमकी तीच क्षमता हवी असते. म्हणून आयसोलेटसाठी पेंड न वापरता कमी तापमानात द्रावक उडवलेले पांढरे फ्लेक्स, म्हणजे सोयाबीनचे चपटे पापुद्रे, वापरतात. 'खाद्याचीही पेंड विकू आणि त्याच पेंडेतून आयसोलेटही काढू' असे सल्लागाराने लिहिले असेल, तर त्याला हा एकच प्रश्न विचारावा की आपले फ्लेक्स कोणत्या तापमानातून बाहेर पडणार आहेत आणि त्यांचा पीडीआय, म्हणजे प्रथिन विखुरण्याचा निर्देशांक, किती राहणार आहे. उत्तर तयार नसेल तर पुढचे पान उलटण्याची गरज नाही.

पांढरे फ्लेक्स करायचे तर हेक्झेनची गिरणी हवी. हेक्झेन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने त्याचे परवाने, साठवण आणि सुरक्षा यांचा खर्च असा असतो की दिवसाला शेकडो टन गाळप असल्याशिवाय तो अंगावर येतो. तुमचा वर्षाचा सगळा माल म्हणजे सहाशे टन, मोठ्या गिरणीच्या दोन-तीन दिवसांचा खुराक. पुढची पायरी पाण्याची. फ्लेक्सच्या वजनाच्या दहापट किंवा त्याहून अधिक पाण्यात किंचित अल्कधर्मी द्रावणात प्रथिन विरघळवायचे, चोथा वेगळा करायचा, मग आम्ल घालून सामू (पीएच) साधारण साडेचारावर आणायचा म्हणजे प्रथिन फाटते, ते धुवायचे आणि फवारा पद्धतीने वाळवायचे. शंभर किलो फ्लेक्समधून तीस-पस्तीस किलो आयसोलेट हाती लागते, म्हणजे एका किलोमागे केवळ पहिल्या टप्प्यात तीस लिटर पाणी जाते, धुण्याचे वेगळे, आणि ते सर्व पाणी साखर व क्षारयुक्त सांडपाणी होऊन बाहेर पडते. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात हा प्रकल्प सुचवणाऱ्याने पाण्याचा ताळेबंद अहवालात कोणत्या पानावर दिला आहे, हे जरूर पाहावे. त्याशिवाय या मालात चीनमधील अवाढव्य कारखान्यांशी थेट भावाची स्पर्धा आहे.

याचा अर्थ सोयाबीनपासून माणसाच्या खाण्याचे काही करूच नये असा नाही. मला तुमच्या आवाक्यातील दोन वाटा दिसतात. एक म्हणजे द्रावकाशिवाय, कोरड्या एक्स्ट्रूडरमधून दाणा गरम करून नंतर घाण्यात पिळण्याची पद्धत. तिच्यात तेल पूर्ण निघत नाही, सहा-सात टक्के राहते. परंतु जे पीठ मिळते ते बेकरी, सत्त्व, पोषण आहाराचे मिश्रण यांत चालते, आणि तापमान नीट सांभाळले तर त्याच्या वड्याही करता येतात, जरी त्या बाजारातल्या सोया चंक्सइतक्या फुगत नसल्या तरी. दुसरी वाट सोया दूध आणि सोया पनीरची. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीन प्रक्रियेचे वेगळे केंद्र असून तेथे प्रशिक्षण मिळते; परभणीच्या कृषी विद्यापीठातील अन्नतंत्र महाविद्यालय तर तुमच्या दारातच आहे. मात्र सोया पनीरला शीतसाखळी लागते, आणि औशाहून पुण्यापर्यंत थंड गाडी रोज भरून जाणार नसेल तर नफा वाटेतच वितळतो.

वाणाचाही विचार करावा. सोयाबीनचा जो उग्र, कडधान्यासारखा वास लोकांना नकोसा होतो, तो लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने ट्रिप्सिनरोधकमुक्त 'एनआरसी १२७' आणि ट्रिप्सिनरोधक तसेच लायपॉक्सिजिनेज-२ या दोन्हींपासून मुक्त 'एनआरसी १४२' असे वाण काढले आहेत. तुमच्या भागात त्यांचे उत्पादन फुले संगम किंवा एमएयूएस वाणांच्या तुलनेत कसे येते, हे आधी काही सभासदांच्या शेतात पाहून घ्यावे. खाण्यासाठीचे सोयाबीन असा वेगळा ढीग तुम्ही राखू शकलात, तर माझ्या मते ती तुमच्या कंपनीची पहिली खरी मालमत्ता ठरेल, कारण मिसळ न झालेला एका वाणाचा माल मोंढ्यात कोणालाच देता येत नाही.

नवापूर_लेअर यांचा प्रतिसाद:

ताईंनी प्रक्रियेची बाजू नेमकी मांडली आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे अंड्यांच्या कोंबड्या पाळतो, तेव्हा पहिल्या प्रस्तावाविषयी लिहितो.

प्रथम हिशेब. ब्रॉयलर पक्षी बाजारात जाताना सव्वादोन किलोच्या आसपास असतो आणि एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारे खाद्य, १.६ धरला तर त्याने साडेतीन किलोंहून थोडे अधिक खाद्य खाल्लेले असते. त्या खाद्यात सोया पेंड पंचवीस ते तीस टक्के असते, म्हणजे ढोबळ मानाने एका पक्ष्यामागे एक किलो पेंड. चोवीस हजारांची शेड आणि वर्षाला सहा लॉट, म्हणजे पक्ष्यांच्या सहा खेपा, धरले तर पेंड झाली १४४ टन, आणि तेवढ्या पेंडेसाठी सोयाबीन लागले साधारण पावणेअठराशे क्विंटल. कागदावर हे तुमच्या सहा हजार क्विंटलांपैकी जवळजवळ तीस टक्के दिसते आणि कोणालाही मोह पडेल. परंतु अशा करारात पिल्लू, खाद्य आणि औषध इंटिग्रेटरचे असते; तुमचे असते ते शेड, वीज, पाणी, तूस आणि मजुरी. खाद्याची गाडी तयार होऊन येते, तिच्यात कोणाची पेंड आहे हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणजे या करारातून तुमच्या सभासदाच्या सोयाबीनला एका रुपयाचाही जास्त भाव मिळणार नाही. ती शेड बांधण्याची आणि पक्षी वाढवून देण्याची गुंतवणूक आहे, सोयाबीनचे मूल्यवर्धन नव्हे. संगोपन शुल्क वजनावर ठरते, आणि मरतूक वाढली किंवा एफसीआर बिघडला की त्यातून कपात होते. आमच्या भागातील एका इंटिग्रेटरने उन्हाळ्यात शेड रिकाम्या ठेवून दोन लॉटमधील अंतर इतके वाढवले होते की शेतकऱ्यांना बँकेचा हप्ता दुसरीकडून काढून भरावा लागला. करारात वर्षाला किमान किती लॉट दिले जातील हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

दुसरी गोष्ट रोगाची. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरातच आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये तो पुन्हा आला. मराठवाड्याला हे दूरचे वाटायला नको. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या याच रोगाने मेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये तुमच्या उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत हाच विषाणू सापडला. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आत सर्व पक्षी मारले जातात. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. त्याआधी रोगाने मेलेल्यांची नाही. नंतर निर्जंतुकीकरण आणि देखरेख संपेपर्यंत शेड कित्येक महिने रिकामी राहते. म्हणून विमा आणि किमान सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील इतकी गंगाजळी हाताशी नसेल, तर शेडच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता जे मला तुमच्यासाठी योग्य वाटते ते सांगतो. पेंड आणि मका यांच्या भावात आमचे सर्व गणित अडकलेले असते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेले, तेव्हा पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने जनुकीय सुधारित सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली, आणि त्यानंतर तुमचे भाव कसे कोसळले हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा शेतकरी आम्हाला शत्रू मानत होते. आमची बाजू अशी होती की अंड्याचा भाव तेवढा वाढत नव्हता. त्यानंतर इथेनॉलसाठी मका वळला आणि मका महागला. मात्र त्याच कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस हा चोथा खाद्यात येऊ लागला. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये ४० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात आणि तो पेंडेपेक्षा स्वस्त मिळतो, त्यामुळे पेंडेची मागणी त्याने खाल्ली. सोयाबीनचे भाव पडण्यामागे परदेशातील भरघोस पीक आणि तेल आयात ही कारणे आहेतच, परंतु हा चोथाही आहे, आणि मोंढ्यात त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. प्रथिनाच्या क्षेत्रातील गेल्या काही वर्षांतली सर्वांत परिणामकारक घडामोड मला तरी ही वाटते, तिला कोणी 'नवोन्मेष' म्हणत नसले तरी.

मात्र डीडीजीएसमध्ये अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती असते आणि त्यातील प्रथिन पचायला पेंडेइतके चांगले नसते. पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांच्या खाद्यात आम्ही ते टाळतो. तेथे एक्स्ट्रूडरमधून काढलेले, तेल न काढलेले फुलफॅट सोया उत्तम चालते, कारण त्यात प्रथिन आणि तेल दोन्ही असतात. खाद्यात त्याचे प्रमाण सहसा दहा-पंधरा टक्क्यांपुढे जात नाही, परंतु मागणी वर्षभर असते. तासाला पाचशे किलो काढणारे यंत्र दिवसाला आठ तास चालवले तर चार टन होतात. तुमचा सगळा माल दीडशे दिवसांत संपेल. हा आकार तुम्हाला झेपणारा आहे.

सिंगापूरवासी_मराठी यांचा प्रतिसाद:

मी मूळचा सोलापूरचा असून येथे अन्नक्षेत्रातील गुंतवणुकीचे काम करतो. वरील दोन्ही प्रतिसादांशी बव्हंशी सहमत आहे. केवळ 'पर्यायी प्रथिने' या शब्दाखाली सल्लागार जे एकत्र बांधतात, ते सुटे करून मांडतो.

प्राण्याच्या पेशी टाकीत वाढवून केलेल्या मांसाला जगात सर्वप्रथम सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली. त्याआधी २०१३ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये दाखवलेल्या पहिल्या बर्गरला अडीच लाख युरो खर्च आला होता. २०२४ च्या मे महिन्यात येथील एका खाटीकखान्याच्या दुकानात हे मांस प्रथमच किरकोळ विक्रीला आले. १२० ग्रॅमचे गोठवलेले पाकीट, किंमत ७.२० सिंगापूर डॉलर, आणि पाकिटातील पेशींपासून वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाचे प्रमाण ३ टक्के. उरलेला बहुतेक भाग वनस्पतिजन्य प्रथिन होते. प्रयोगशाळेतील मांस म्हणून ज्याची जगभर चर्चा झाली, त्याचा कणा शेवटी शेतातल्या प्रथिनाचाच निघाला, ही गोष्ट तुमच्या सल्लागाराने सांगितली असती तर मला त्यांच्याविषयी आदर वाटला असता. अर्थात त्यातही कंपन्यांना सोयाबीन नको असते. ठरलेल्या विद्राव्यतेचे, ठरलेल्या रंगाचे, दर खेपेला तंतोतंत तेच गुण असलेले प्रथिन हवे असते, आणि ते देणारे मोठे पुरवठादार त्यांच्याकडे आधीच आहेत.

दुसरा प्रकार सूक्ष्मजीवांकडून विशिष्ट प्रथिन तयार करून घेण्याचा. हा मुळीच नवीन नाही. चीज जमवण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे विकर १९९० पासून सूक्ष्मजीवांकडून करून घेतले जाते आणि आज जगातील बहुतांश चीज त्यावरच बनते. तेथे ते यशस्वी झाले, कारण त्या विकराची मात्रा चिमूटभर लागते आणि किलोचा भाव प्रचंड असतो. दुधाच्या निवळीतील (व्हे) प्रथिन त्याच पद्धतीने करायचे तर माल टनांनी लागतो आणि स्पर्धा गवळ्याच्या दुधाशी असते. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे २३.९ कोटी टन दूध झाले. एवढ्या मुबलक दुधाच्या भावाशी पोलादी टाक्या आणि शुद्ध साखरेच्या जोरावर स्पर्धा करणे किती अवघड आहे, हे निराळे सांगायला नको.

तिसरा प्रकार तुमच्या जवळचा, वनस्पतिजन्य मांसाचा. 'बियॉन्ड मीट' या अमेरिकन कंपनीचा शेअर मे २०१९ मध्ये २५ डॉलरला बाजारात आला, त्याच वर्षी जुलैमध्ये २३० डॉलरच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये एका डॉलरच्याही खाली उतरला. जगभरातील पर्यायी प्रथिन कंपन्यांत २०२१ साली सुमारे पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक झाली होती. २०२४ मध्ये ती एक अब्जाच्या आसपास उरली. इटलीने २०२३ मध्ये आणि अमेरिकेतील फ्लोरिडा व अलाबामा राज्यांनी २०२४ मध्ये पेशीजन्य मांसाच्या विक्रीवर कायद्याने बंदी घातली, हा धोका वेगळाच. लोकांनी एकदा कुतूहलाने घेतले, परंतु भाव आणि चव यांमुळे पुन्हा घेतले नाही, हे यामागचे मुख्य कारण असे माझे मत आहे. आपल्याकडे तर ज्याला मांसाची चव हवी त्याला कोंबडी मिळते आणि ज्याला नको तो सोया वडीला मटणाची चव लागावी असा हट्ट धरत नाही.

एक मुद्दा मला गुंतवणूकदार म्हणून आवर्जून मांडावासा वाटतो. आमच्यासारखे लोक दहा कंपन्यांत पैसे घालतात तेव्हा त्यांतील बहुतेक बुडणार हे गृहीत असते. कोहली किंवा देशमुख यांची गुंतवणूकही त्यांच्या एकूण संपत्तीच्या तुलनेत पाहावी. तुमच्या सभासदाने हजार-दोन हजारांचा भाग घेतलेला असतो आणि तुमच्याकडे एकच कंपनी आहे. बायोई३ धोरण प्रामुख्याने संशोधन, जैवउत्पादन आणि नवउद्योग यांच्यासाठी आहे. त्यातून चालू खात्यात पैसे येतील असे धरून कर्ज उचलू नये.

औसेकर_शेती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आयसोलेटचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मी स्वतःच बाजूला ठेवण्याचे सुचवणार आहे. पाण्याचा ताळेबंद खरोखरच अहवालात नाही. शेडच्या बाबतीत संगोपन शुल्क आणि सोयाबीन यांचा संबंध नाही, हे इतक्या स्वच्छपणे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

फुलफॅट सोयाकडे मंडळाचा कल होईल असे दिसते. त्याविषयी दोन शंका आहेत. खाद्यकारखाने लहान उत्पादकाचा माल घेतात का आणि भाव कसा ठरवतात? आणि सल्लागाराने राष्ट्रीय पशुधन अभियानातून पन्नास टक्के अनुदान मिळेल असे सांगितले आहे, ते कितपत खरे?

नवापूर_लेअर:

अनुदानाचे आधी. राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनासाठी पन्नास टक्के, कमाल पंचवीस लाखांचे अनुदान आहे हे खरे. परंतु ते परसातील, कमी खर्चात वाढणाऱ्या जातींचे पैदास पक्षी, उबवणी केंद्र आणि पिल्ले वाढवण्याचे केंद्र यांसाठी आहे, व्यापारी ब्रॉयलर शेडसाठी नाही. पशुखाद्य प्रकल्पाला पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधीचा विचार करावा; त्यात कर्जावरील व्याजात तीन टक्के सवलत असते आणि शेतकरी उत्पादक संस्था पात्र असतात. योजनेची मुदत आणि सध्याचे निकष जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयातून लेखी घ्यावेत.

भावाचे असे की खाद्यकारखान्याचा आहारतज्ज्ञ फुलफॅटकडे पेंड अधिक तेल अशा दृष्टीने पाहतो. शंभर किलो मालात ऐंशी किलो पेंड आणि अठरा किलो तेल धरून तो किंमत काढतो आणि तुमचा भाव त्याहून जास्त असेल तर सरळ पेंड आणि तेल वेगळे विकत घेतो. त्यामुळे तेलाचा भाव हलला की तुमचा भावही हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्के झाले आणि मे २०२५ अखेर ते दहावर उतरले. अशा प्रत्येक फेरबदलाला तुम्ही वर्षभराचा साठा घेऊन बसलेले असाल तर अडचणीत याल. पैसे सहसा महिना-दीड महिन्याच्या उधारीने येतात, तेव्हा यंत्राइतकेच खेळते भांडवल धरा.

धान्यप्रक्रिया_पुणे:

लहान उत्पादकाचा माल घेतात, मात्र पहिल्याच खेपेला नमुना नापास झाला तर दुसरी संधी मिळत नाही. कच्चा राहिलेला माल पक्ष्यांना बाधतो आणि जास्त भाजलेल्या मालातील लायसिन हे अमिनो आम्ल निकामी होते, म्हणून दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. माल कच्चा राहिला का हे दाखवणारी, युरिएज या कच्च्या सोयाबीनमधील विकराची चाचणी तुम्ही गोदामातच करू शकता. युरिया आणि फिनॉल रेड यांचे पिवळसर केशरी द्रावण पसरट बशीत घ्यायचे, त्यावर दळलेला माल पातळ थरात पसरायचा आणि पाच मिनिटे थांबायचे. माल कच्चा असेल तर बशीभर लाल ठिपके उमटतात; तुरळक ठिपके आले तर ठीक; एकही आला नाही तर माल करपल्याची शंका घेऊन प्रयोगशाळेतून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातील प्रथिन विद्राव्यता तपासून घ्यावी, ती पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या दरम्यान असावी. यंत्रावर बसणाऱ्या मुलाला ही चाचणी दर तासाला करून वहीत नोंदवण्याची सवय लावावी. दाण्यातील ओलावा बदलला की यंत्राचे तापमान बदलते. गेल्या काही हंगामांत काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि हमीभाव खरेदीतही २०२४ मध्ये ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के करावी लागली, हे पाहता वाळवणीची सोय एक्स्ट्रूडरच्या आधी करावी लागेल. प्रस्तावात ती धरली आहे का, हे पाहावे.

यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी दुसऱ्याच्या एक्स्ट्रूडरवर मजुरीने पाच-दहा टन माल काढून घ्या, प्रत्येक पोत्यावर वाण आणि तारीख लिहा, आणि अहवालासह तीन खाद्यकारखान्यांकडे पाठवा. त्यांतील दोघांनी दुसरी खेप स्वतःहून मागितली, तर बँकेत जाताना ती मागणीपत्रे सल्लागाराच्या अहवालाच्या वर लावा.